पशुचित्रकार रोझा बोनर

चित्रकाराची साधने कोणती, असे विचारल्यास आपण कुंचला, रंग आणि कॅनव्हास यांची नावे घेऊ. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकर्ती रोझा बोनर हिच्या साधनांत मात्र आणखी एकाची भर घालावी लागते, आणि ते म्हणजे पोलिसांचा परवाना!

रोझाचा जन्म १८२२ साली बोर्दो येथे झाला. लहानपणी तिला अक्षरे गिरवण्याचा भारी कंटाळा. तेव्हा आईने प्रत्येक अक्षरासाठी एकेक प्राणी काढावयास सांगितले आणि मुलगी वाचावयास शिकली. चित्रकलेचे धडे वडिलांनी दिले. पुढे प्राणी हाच तिचा ध्यास झाला. कातडीखालचे स्नायू, हाडे आणि सांधे समजावेत म्हणून ती पॅरिसच्या कत्तलखान्यांत जाऊन अभ्यास करी. तेथे पायघोळ झगा अडचणीचा आणि पुरुषांच्या नजरा त्याहून अडचणीच्या. म्हणून तिने विजार चढवली. परंतु १८०० सालच्या हुकुमानुसार पॅरिसमध्ये पुरुषी वेषासाठी स्त्रीला पोलिसांची अनुमती लागे. तिचा १८५७ सालचा परवाना प्रसिद्ध आहे. कारण प्रकृतीचे, मुदत सहा महिन्यांची. शिवाय त्या वेषात नाटके व नृत्यसमारंभ यांना जाण्यास मनाई!

१८४९ सालच्या ‘निव्हर्ने प्रांतातील नांगरणी’ या चित्रात तिने दोन सहाबैली नांगर दाखवले. त्यांतील बैलांचा भार आणि शीण पाहणाऱ्यास जाणवतो. त्यानंतर दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, पुरुषी वेषात घोड्यांच्या बाजारात जाऊन तिने रेखाटने केली. त्यांतून सुमारे अडीच मीटर उंच व पाच मीटर रुंद असे ‘घोडेबाजार’ हे चित्र साकारले. १८५३ साली ते पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

१८६५ साली सम्राज्ञी युजेनीच्या हस्ते तिला ‘लीजन ऑफ ऑनर’ मिळाले. हा मान लाभलेली ती पहिली स्त्री चित्रकार. फोंतेनब्लोच्या अरण्यालगतच्या घरी तिने मेंढ्या, घोडे, इतकेच नव्हे तर सिंहही पाळले. १८९९ साली ती वारली. तिची चित्रशाळा तेथे जपलेली आहे. विजारीसाठी परवानगी मागावयास लावणारा तो हुकूम मात्र तिच्यामागे ११४ वर्षे कागदोपत्री राहिला. तो रद्दबातल असल्याचे २०१३ साली जाहीर झाले.