चावत नाही, तरी भाजतो

मुलगा वाळूजच्या कारखान्यात आणि बिऱ्हाड बजाजनगरात, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. पावसाळ्यात अशा एखाद्या मुलाच्या मानेवर लालभडक पट्टा उठतो, आग होते, बारीक फोड येतात. लगेच घरात कुजबुज होते, ‘नागीण झाली!’ मग गेरूचा लेप आणि मंत्र. पुष्कळदा ती नागीण नसतेच. दिव्यावर आलेला एक किडा मानेवर बसलेला असतो आणि हाताने तो चिरडलेला असतो. फोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, म्हणून किड्याची आठवण कोणाला राहत नाही.

हा किडा नीट ओळखून ठेवा. तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, डोके काळे, छाती व पोट नारिंगी, शेपटीचे टोक काळे. पाठीवर आखूड बंडी घालावी तसे चकचकीत निळसर पंख. दिसायला मुंगीसारखा, पण जातीने भुंगेरा. शास्त्रज्ञ याला पेडेरस म्हणतात. तो चावत नाही, डंखही मारत नाही. विष त्याच्या रक्तात असते. गंमत अशी, की ते विष मादीच्या अंगात राहणारे सूक्ष्म जंतू तयार करतात.

आखूड पंखांच्या या भुंगेऱ्यांचे कुळ अफाट आहे. जगात साठ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. माल्कम कॅमेरॉन या आरमारी डॉक्टराने आपल्या देशातल्या जातींवर 1930 ते 1939 या काळात जाडजूड ग्रंथ लिहिले. कोणी कुजक्या पाल्यात राहतो, कोणी अळंबीवर, कोणी चक्क मुंग्यांच्या वारुळात. शेणात राहणारे माशांच्या अळ्या फस्त करतात. या एवढ्या गोतावळ्यात माणसाला भाजणारे अगदी थोडे.

आणि तो भाजणारासुद्धा शेतात आपलाच गडी! मावा, तुडतुडे, अळ्यांची अंडी यांवर त्याचे पोट चालते. म्हणून बांधावर दिसला की फवारणी करायला धावू नका.

अंगावर बसलाच तर फुंकर मारून उडवा, किंवा कागदावर चढवून बाहेर सोडा. चिरडला गेला तर ती जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा. फोड साधारण आठ-पंधरा दिवसांत बरे होतात, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. दुखणे जास्त असेल किंवा खरोखर नागीण असल्याची शंका असेल, तर तेही डॉक्टरलाच ठरवू द्या.

रात्री खिडकीला जाळी असावी, अंगणातला पांढरा दिवा विनाकारण जळता ठेवू नये. दिव्याखाली पडलेले मेलेले किडे सकाळी केरसुणीनेच झाडा, हाताने उचलू नका. मेल्यावरही त्यांच्यातले विष जात नाही.