खिडकी एक, मापं आठ

परीक्षेत आपण उत्तर दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत काढतो. पण ज्या खिडकीशी बसून अभ्यास करतो, तिचं माप कुणीतरी 'चार बाय पाच धरा हो' म्हणून घेतलेलं असतं! होस्टेलच्या एका विंगमधल्या गंजलेल्या लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. दिसायला झकास. पहिल्याच झोडपणाऱ्या पावसात पश्चिमेकडच्या खोल्यांत जर्नल्स भिजली आणि सगळ्यांनी मालाला शिव्या घातल्या. माझं मत वेगळं आहे. माल ठीक होता, माप चुकलं. तळमजल्यावरची एक खिडकी मोजून तोच आकडा सगळ्या मजल्यांना लावला गेला.

ड्रॉइंगवर सगळ्या खिडक्या जुळ्या असतात, भिंतीत कधीच नसतात. वीट हाताने रचलेली, गिलावा कुठे अर्धा इंच तर कुठे पाऊण. म्हणून रुंदी तीन ठिकाणी घ्यायची : वर, मध्ये आणि खाली. उंचीही तशीच, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. दोन्हींतला सगळ्यात लहान आकडा धरायचा. सरासरी काढायची नाही! (सरासरीची सवय आपल्याला प्रॅक्टिकलमुळे लागलेली आहे, ती इथे नको.) सरासरी मापाची चौकट अरुंद जागी अडकणारच.

ही झाली सहा. उरलेली दोन म्हणजे कर्ण, आणि नेमके तेच कुणी घेत नाही. समजा जागा १२०० बाय १५०० मि.मी. आहे. दोन्ही कर्ण १९२१ च्या आसपास यायला हवेत. आता दोन्ही उभ्या कडा एकाच बाजूला १० मि.मी. कलल्या आहेत असं धरा. रुंदी तिन्ही ठिकाणी १२००, उंची १५००, सगळं बरोबर! पण एक कर्ण १९२७ आणि दुसरा १९१५ येतो. हा १२ मि.मी.चा फरक टेपने कुणालाही दिसतो. तो न बघता काटकोनातली चौकट तिथे उभी केली, की एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली पाचरीसारखी फट राहते. मिस्त्री ती सिलिकॉनने बुजवतो. पाच-सहा मि.मी.ची फट सिलिकॉन सांभाळतं. बोटभर फटीत ते काय टिकणार?

जुन्या खिडकीच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. लोखंडी चौकट होल्डफास्टने भिंतीत घट्ट बसवलेली असते. ती काढताना कडेचा गिलावा फुटतो आणि जागा मोठी होते. तेव्हा चौकट ठेवायची की काढायची हे आधी ठरवा, मग टेप काढा. ठेवायची असेल तर चौकटीच्या आतून माप. काढायची असेल तर कडा दुरुस्त झाल्यावर पुन्हा माप.

एककांचाही घोळ असतो. मिस्त्री सुतात बोलतो, आठ सूत म्हणजे एक इंच, आणि ऑर्डर मि.मी.मध्ये जाते. एक सूत ३.१७५ मि.मी. होतं. तोंडी हिशोबात कुणी ते ३ धरतं, कुणी ४. चार-पाच सुतांत तेवढ्यानेच चौकट ढिली होते. टेपचा पुढचा हूक किंचित हलतो तो मात्र बिघडलेला नसतो. आतून आणि बाहेरून मोजताना हुकाच्याच जाडीचा फरक भरून काढायला तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. ठोकून घट्ट करू नका!

आलेल्या मापातून चारही बाजूंनी तीन-तीन मि.मी. वजा करायचे. ॲल्युमिनियमची १५०० मि.मी.ची पट्टी ४० अंशांच्या फरकाने जवळपास १.४ मि.मी. वाढते, यूपीव्हीसी तर त्याच्या दुपटीहून जास्त. जागाच ठेवली नाही तर झडप घासणार.

सगळा दोष मिस्त्रीवर ढकलणं मला पटत नाही. त्याला पैसे चौरस फुटावर मिळतात, आठ मापं घेण्याचे कुणी देत नाही. शिवाय लहान झालेली खिडकी बुजवून चालते, मोठी झाली तर भिंत फोडावी लागते. मग तो लहानच करणार! 'प्रत्येक खिडकीचं माप जागेवर घेऊन लेखी द्यावं' ही एक ओळ कामाच्या ऑर्डरमध्ये असती तर त्यालाही ते परवडलं असतं.

ऑफिसचं म्हणणं, एवढा वेळ कुणाकडे आहे? दुसऱ्या विंगमध्ये ९६ खिडक्या आहेत. एका खिडकीला दहा मिनिटं धरली तर दोघा-दोघांच्या चार टीमना चार तास लागतात, म्हणजे शनिवारची एक सकाळ. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला टेप आणि ओळंबा दोन्ही हाताळता येतात. रेक्टर सरांनी खोल्या उघड्या ठेवायला सांगावं. तक्त्यात खोली क्रमांक, आठ मापं आणि मोजणाऱ्यांच्या सह्या असाव्यात. ऑर्डर जाण्यापूर्वी त्याची एक प्रत नोटीस बोर्डवर लावावी, म्हणजे ज्याची त्याला आपली खिडकी पुन्हा ताडून बघता येईल.