दोष कोंबडीचा की आपला?

आमच्या परड्यात सात कोंबड्या आहेत. आजच्या काळात हे सांगण्यासारखे वैभव नव्हे. परंतु याच कोंबड्यांच्या अंड्यांतून आई घरखर्चाला हातभार लावते, आणि माझ्या बसपासचे पैसेही बहुतेक वेळा त्याच डब्यातून निघतात. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्या खुराड्यात मऊ अंडी पडू लागली, तेव्हा तो घरात काळजीचा विषय झाला. हातात घ्यावे तो पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लिबलिबीत अंडे! कधी टरफल असे, पण बोट लागताच चिरके.

आईने मला सरळ विचारले, “काय रे, कॉलेजात एवढं शिकतोयस, कोंबड्या मऊ अंडी कशाला घालाल्यात सांग बघू.”

आता मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते, हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. पण त्या वाक्याचा आमच्या खुराड्याशी काही संबंध असेल, असे मला त्या क्षणी सुचले नाही. “थंडीनं असेल,” असे सांगून मी मोकळा झालो.

पुढे जे व्हायचे तेच झाले. एक मऊ अंडे घरट्यातच फुटले. तांबड्या कोंबडीने त्यात चोच घातली, तिला चव लागली, आणि ती धड अंडीही फोडून खाऊ लागली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “हिला खोड लागली, आता ही सुधारायची नाही.” रविवारी तांबडी विकली गेली. सातांतली ती सर्वांत चांगली अंडी घालणारी होती.

त्यानंतर आठ दिवसांनी, सहज म्हणून, मी खाद्याच्या पोत्यावरचा मजकूर वाचला. तो इंग्रजीत होता. ते खाद्य अंड्यांच्या कोंबड्यांचे नव्हतेच; मांसासाठी वाढवायच्या ब्रॉयलर पक्ष्यांचे होते. दुकानदाराने स्वस्त म्हणून दिले, आईने विश्वासाने घेतले, आणि घरात इंग्रजी वाचू शकणारा जो एकटा होता, त्याने पोत्याकडे पाहिलेच नव्हते.

हिशेब अगदी साधा आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम सुमारे 1 टक्का, म्हणजे दिवसाला जेमतेम 1 ग्रॅम. आणि पोटात गेलेले सगळेच अंगी लागत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते 3.5 ते 4 टक्के असावे लागते. कमी पडले की ती आपल्या हाडांतून काढून देते. तिच्या सबंध शरीरात कॅल्शियम असते ते सुमारे 20 ग्रॅम. तेव्हा तांबडीने किती दिवस आपली हाडे झिजवून आम्हाला अंडी दिली असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. आणि अखेर खोडील ठरली ती तीच!

कोणी म्हणेल, पूर्वी कुठे पोत्यातले खाद्य होते? बरोबर आहे. पूर्वी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरीत हिंडे. किडे, पाला, खडे तिला मिळत, ऊनही मिळे. उन्हामुळे तिच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय कॅल्शियम पचत नाही. शिवाय ती अंडीही कमी घाली. आज आपण अंडी जास्त घालणाऱ्या जातीची कोंबडी आणतो, चार हातांच्या जाळीत कोंडतो आणि पुढ्यात ज्वारी नि कोंडा टाकतो. धान्यात कॅल्शियम नाममात्र असते. अपेक्षा वाढवायच्या आणि शिधा तोच ठेवायचा, हा न्याय कोणता?

उपाय खर्चाचा नाही. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. जिला हवा ती खाते. संध्याकाळी ठेवलेला अधिक उपयोगी, कारण कवच चढण्याचे काम सुमारे 20 तास चालते आणि त्यातले बरेचसे रात्री होते. खाद्यात मात्र तो मिसळू नये. पिल्लांच्या मूत्रपिंडांना जादा कॅल्शियम बाधते. पानाचा चुना देऊ नये, तो दाहक असतो. घरातली टरफले वाळवून, भाजून, बारीक कुटून द्यावीत. अंड्याच्या आकाराची दिली तर खोड आपणच लावल्यासारखे होईल. घरट्यात पेंढा भरपूर असावा आणि अंडी दिवसातून दोनदा उचलावीत. घरट्यात फुटलेले किंवा मऊ अंडे खाण्याच्या भरीस पडू नये.

अर्थात प्रत्येक मऊ अंड्याचे कारण खाद्यच असते असे नाही. तलंगेची पहिली एकदोन अंडी तशी असू शकतात. कडक उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, तेव्हाही कवच पातळ होते. पण एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी बिघडली, त्या शिंकू लागल्या, हिरवे हगू लागल्या वा माना वाकड्या करू लागल्या, तर ते राणीखेत असू शकते. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत. गुरांच्या डॉक्टरांकडेच जावे. त्याची लस मिळते, ती आधीच टोचून घ्यावी.

पण माझे खरे म्हणणे निराळेच आहे. आमच्या घरी विज्ञान होते आणि कोंबड्याही होत्या. दोघांची गाठ पडली नाही. आईला अनुभव होता, पण पोते वाचता येत नव्हते. मला वाचता येत होते, पण वाचावेसे वाटले नाही. या दोन उणिवांची किंमत तांबडीने मोजली. या भागात बाईमाणसे खाद्य विकत घेतात, त्यांच्यातली कोणी मराठी वाचते, कोणी कन्नड. कोणी अंडे म्हणते, कोणी तत्ती. पोत्यावर मात्र दोन्ही भाषांना जागा नाही! खाद्य कोणत्या पक्ष्याचे आणि त्यात कॅल्शियम किती, एवढे दोन शब्द तरी तिला कळणाऱ्या भाषेत छापलेच पाहिजेत.

ते होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या प्राणिशास्त्र विभागाने एका कागदावर, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, एवढी माहिती छापून गावोगावच्या दुकानांत लावायला काय हरकत आहे? मराठी बाजू लिहून द्यायला मी तयार आहे. कन्नड बाजू या अंकाच्या कन्नड विभागातल्या एखाद्या मित्राने उचलावी.

आता आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत. खाद्य बदलले, शिंपल्यांची वाटी ठेवली, आणि पंधरा दिवसांत कवचे पुन्हा टणक झाली. आई मला काही बोलली नाही. पण परवा नवीन पोते आणले, तेव्हा ते तिने उघडले नाही. माझ्यापुढे आणून ठेवले आणि म्हणाली, “आधी वाच.”