भाकरी का करपली?

गेल्या महिन्यात एका दुपारी पाचवीतला एक मुलगा वही घेऊन आमच्या टेबलापाशी आला. आम्ही मोबाईलवर कसलीशी माहिती भरत होतो. "नंतर," आम्ही म्हणालो. मधल्या सुट्टीनंतर तो पुन्हा आला. पुन्हा "नंतर." तिसऱ्यांदा तो आलाच नाही, आणि हे आमच्या ध्यानात आलं ते रात्री भांडी घासताना. त्याच आठवड्यात धाकटी लेक म्हणाली, "अम्मी, तुम आजकल बात सुनतेच नै."

वय पंचेचाळीस, नोकरीला वीस वर्षं. आम्हाला वाटायचं, आपणच आळशी झालो. आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी झाले. तेव्हापासून आमच्याही मनात होतं, आपण सुधारलं पाहिजे. मग फजरनंतर चालणं, मोबाईलवर इंग्रजीचा कोर्स, रोज दहा पानं वाचन, चहा बिनसाखरेचा. वहीत रकाने आखले. महिन्याभरात तीही एक हजेरीच झाली. रकाना रिकामा राहिला की झोप लागेना.

या थकव्याला बर्नआऊट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली. तो आजार नव्हे. कामाचा ताण वर्षानुवर्षं नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था आहे. खुणा तीन : अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं आणि हातून काम नीट न होणं. दुसरी खूण वाचताना तो वहीवाला मुलगाच डोळ्यांपुढे आला.

लहानपणी ऐकलेलं बिरबलाचं कोडं आठवलं. भाकरी का करपली? फिरवली नाही म्हणून. आम्ही मात्र भाकरी न फिरवता जाळच वाढवत होतो.

ह. अबू दरदा (र.) दिवसा रोजे ठेवीत आणि रात्रभर इबादत करीत. घराकडे लक्ष उरलं नव्हतं. ह. सलमान फारसी (र.) मुक्कामाला आले, तेव्हा त्यांनी रात्री त्यांना झोपायला लावलं, शेवटच्या प्रहरी दोघांनी नमाज पढली. रबचा हक्क आहे, तसा स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे, असं त्यांनी समजावलं. प्रेषित (स.) यांनीही सलमानचं म्हणणं खरं ठरवलं. इबादतीलाही जिथे मर्यादा आहे, तिथे आमच्या रकान्यांचं काय!

मग शाळेत पहिल्यांदा तोंड उघडलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्तीतलं काम आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं आहे, तरी माहिती भरणं काही सुटत नाही. पण ते एकाच्याच गळ्यात का? आता आम्ही चौघं पाळीपाळीने भरतो. डिसले गुरुजींनी दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली होती. आम्ही बक्षीस लक्षात ठेवलं, वाटून घेणं विसरलो होतो. घरी रात्रीची भांडी आता हे आणि थोरला मुलगा उरकतात. ईशानंतर मोबाईल कपाटात. चालणं तेवढं ठेवलं, तेही शेजारणीसोबत, गप्पा मारत.

थकवा संपला असं नाही. गेल्या मंगळवारीही डोकं जड होतं. पण त्या मुलाच्या बाकापाशी आम्हीच गेलो आणि वही मागितली. त्याने आपलं नाव एका ओळीत मराठीत आणि खाली उर्दूत लिहिलं होतं. विचारायचं एवढंच होतं, "मॅडम, नुक्ते बरोबर आहेत का?" एक कमी होता. तो आम्ही त्याच्याकडूनच द्यायला लावला.

भगिनींनो, चाळिशीनंतर स्वतःला जरूर सुधारा. फक्त आज घरात "नंतर" कुणाला म्हटलं, तेवढं आधी आठवा.