सत्य ही ईश्वराची मुद्रा

असत्य बोलणे हे पाप, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु डोळ्यांसमोरील वास्तव नाकारणे हे त्याहून सूक्ष्म असे असत्य होय; कारण तेथे मनुष्य प्रथम स्वतःलाच फसवितो.

यहुदी धर्मपरंपरेने या दोषाची कथा जपून ठेविली आहे. संदेष्टा यिर्मया मानेवर लाकडी जोखड घेऊन यरुशलेमवासीयांस सांगत होता, की बाबेलच्या राजापुढे नमते घ्या, तरच वाचाल. हनन्याने ते जोखड सर्वांसमक्ष मोडले व दोन वर्षांत संकट टळेल, असे घोषित केले. त्यावर यिर्मया प्रथम ‘आमेन’च म्हणाला! तसे घडावे, ही त्याचीही इच्छा होती. परंतु इच्छा म्हणजे वास्तव नव्हे. पुढे सत्य सांगणाऱ्या यिर्मयास चिखलाच्या हौदात टाकण्यात आले. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास नगर पडले, मंदिर भस्मसात झाले.

आशा बाळगणे हा दोष नव्हे. रोगच नाकारला, की उपचाराची वेळ निघून जाते आणि त्याचे प्रायश्चित्त निरपराध मुलाबाळांस भोगावे लागते. म्हणूनच तालमूदातील आचार्य सत्यास ईश्वराची मुद्रा म्हणतात.

आव महिन्याच्या नवमीस यहुदी भाविक उपवास करून त्या विनाशाचे स्मरण करतात. आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजात हाच दिवस ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. त्या स्मरणात केवळ शत्रूस दोष नसतो. स्वतःच्या पापांची कबुली असते. पूर्वजांना असह्य झालेली यिर्मयाची वाणीच वंशजांनी धर्मग्रंथ म्हणून मस्तकी धरिली. पश्चात्तापाचा आरंभ अशा कबुलीतच असतो.