ओट्याचे माप

घर बांधताना ज्या खोलीचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि जिचा उपयोग सर्वांत अधिक होतो, ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. दिवाणखान्याच्या रंगावर चार दिवस खल करणारे घरधनी ओट्याची उंची मात्र गवंड्यावर सोपवून मोकळे होतात. जिला तेथे रोज तीन-चार तास उभे राहावयाचे, तिला कोणी विचारीत नाही. आणि पुढे तिची पाठ त्या मौनाचे मोल वर्षानुवर्षे फेडीत राहते.

हल्ली मापाने कापलेल्या फळ्या दुकानात मिळतात, भोके पाडण्याचे विजेचे यंत्रही घरोघरी आले आहे. त्यामुळे आमच्या बेळगाव भागातील कित्येक हौशी गृहस्थ स्वयंपाकघराची कपाटे आणि लाकडी ओटा स्वतःच बसवू पाहतात. या उद्योगाचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु हत्यार हाती घेण्यापूर्वी माप हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.

पहिले माप माणसाचे. आपल्या आजी-पणजींची चूल भुईवर होती. फडताळ, मांडणी, शिंकाळे सारे बसल्या जागेवरून किंवा उठल्याबरोबर हाती लागेल असे असे. उभ्याचा स्वयंपाक आला आणि हा हिशेब मोडला. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद विदुषीने फ्रँकफुर्ट येथील वसाहतींसाठी छोटेखानी स्वयंपाकघर आखले, तेव्हा गृहिणीच्या हालचाली व त्यांना लागणारा वेळ यांचा अभ्यास तिने आधारास घेतला होता. आपल्याकडे एवढा खटाटोप नको. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने ताठ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली खूण करावी; ओट्याचा पृष्ठभाग तेथे यावा. बाजारातील तयार कपाटांवर ओटा सामान्यतः ८५ ते ९० सेंटिमीटरांवर येतो. ठेंगण्या गृहिणीस तो उंच पडतो. कणीक मळताना खांदे वर चढतात आणि भाकरी थापताना मनगट भरून येते. अशा वेळी कपाटाचे पाय कापावेत, गृहिणीस पाटावर उभी करू नये.

दुसरे माप भिंतीचे व भुईचे. जुन्या घरांत जमीन मोरीकडे उतरती असते. म्हणून भुईचा सर्वांत उंच बिंदू शोधून तेथून माप धरावे आणि सखल बाजूस पायांखाली पाचरी द्याव्यात. पातळी पाहण्यास गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पुरेशी आहे. तिच्या दोन्ही टोकांस पाणी एकाच उंचीवर राहते, हे आठवीतला मुलगाही सांगेल. वरची कपाटे आधी लावावीत, म्हणजे खालच्यांची अडचण होत नाही. स्क्रूची पकड गिलाव्यात नव्हे, आतील विटेत वा चिऱ्यात हवी. मातीच्या भिंतीवर भांड्यांनी भरलेले कपाट टांगणे म्हणजे संकटास आमंत्रण. तेथे भुईवर उभी राहणारी मांडणीच बरी. मोरीजवळच्या कपाटांस साधे प्लायवूड टिकत नाही. भारतीय मानक ७१० चा शिक्का पाहून घ्यावे. वाळवी व ओल यांच्या भयास्तव कपाट भुईपासून चार इंच उचललेले असावे.

तिसरे माप ऋतूचे, आणि तेच बहुधा विसरले जाते. लाकूड तोडल्यावरही हवेतील दमट शोषते व सोडते. ते लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत बदलते. बेळगाव-खानापूरच्या पावसात फुगलेली फळी चैत्रात आक्रसते. तिला सर्व बाजूंनी घट्ट आवळले तर ती चिरते किंवा वाकते. म्हणून ओट्याची फळी काही आठवडे त्याच घरात ठेवून मुरू द्यावी, खालून स्क्रू मारताना भोके लांबट ठेवावीत आणि भिंतीशी थोडी फट सोडावी. तेल फक्त वर न लावता खालून व कडांनाही लावावे, नाहीतर एकच बाजू ओल पिते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. शेगडीखाली आणि मोरीशी कडप्पाच ठेवावा. मधल्या चिरण्या-निवडण्याच्या जागी लाकूड शोभते आणि टिकतेही.

एक इशारा मात्र विसरता कामा नये. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो; गळाला तर तो खाली साचतो. सिलिंडर कपाटात ठेवावयाचे असेल तर ते उभेच ठेवावे आणि त्या कपाटास अगदी तळाशी जाळी हवी. वरच्या जाळीने हवा खेळल्याचे समाधान मिळते, गळलेला गॅस बाहेर पडत नाही. झाकपाक दिसावे म्हणून ही जाळी बुजविणारे सौंदर्य कोणास नको.

हे सारे घरच्या मुलांना सोबत घेऊन करावे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला. तो आपल्या शाळांत फारसा रुजला नाही. घरात रुजण्यास कोणाची आडकाठी आहे? गुण्या लावून काटकोन तपासणाऱ्या मुलाला आणि मुलीला भूमिती परकी वाटत नाही, आणि रंधा चालवून घामाघूम झालेला विद्यार्थी सुताराच्या मजुरीवर घासाघीस करीत नाही. आमच्या भागात सुताराला कानडीत बडिगेर म्हणतात आणि ते आडनावही आहे. त्या नावामागे किती पिढ्यांचे कौशल्य आहे, हे त्याला त्या दिवशी कळते. काम आवाक्याबाहेरचे वाटले तर अशा जाणत्याला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

मापाची पट्टी मात्र, वाचकहो, प्रथम स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावी. ती आई असो, सून असो, की निवृत्तीनंतर आमटी शिकलेले आजोबा असोत. तिने खूण केल्याखेरीज करवत लाकडाला लावू नये.