परतीचे पाऊल

एव्हरेस्टचे नाव निघाले की १९५३ साल आठवते, १९६५ आठवते. १९६० ची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या भारतीय मोहिमेचे ते वर्ष. २५ मे रोजी नरेंद्र कुमार, सोनम ग्यात्सो व नवांग गोम्बू हे तिघे ८,६२५ मीटरपर्यंत पोहोचले. शिखर जेमतेम सव्वादोनशे मीटर उरले असता वादळी वारा हिमकणांचा मारा करू लागला. पावसाळाही उंबरठ्यावर आलेला. तिघे मागे फिरले.

याला अपयश म्हणण्यास माझे मन धजत नाही. “एवढेसे तर राहिले होते!” असे आपण ओसरीवर बसून हळहळतो, परंतु त्या उंचीवर एवढ्याशा अंतराला तासन् तास लागतात, आणि चढलेले सारे उतरायचेही असते. १९२२ च्या जूनमध्ये ताजे हिम पडलेले असतानाही मॅलरी आदी इंग्रज गिर्यारोहकांनी तिसरा प्रयत्न केला. ७ जूनला उतारावरचे हिम घसरले आणि सात ओझेकरी प्राणास मुकले. पुढे जाण्याचा निर्णय त्या बिचाऱ्यांचा नव्हता! मागे फिरण्याची किंमत मोजताना आपण हे सात जण विसरतो.

१९६० मध्ये परतलेल्या तिघांपैकी गोम्बू १९६३ व १९६५ असे दोनदा शिखरावर उभे राहिले. ग्यात्सो २२ मे १९६५ रोजी पोहोचले. नरेंद्र कुमार त्या मोहिमेचे उपनेते होते. एव्हरेस्टचे शिखर त्यांना मात्र लाभले नाही.